डोमकळ्यांचा भाद्रपद

महालक्ष्म्या उठतात, दारावरचे हार सुकू लागतात आणि यवतमाळच्या आसपास पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, फुलं येतात. दरवर्षी येतात. मी आता शेतावर जात नाही, गुडघे जाऊ देत नाहीत. पण नातू बाभुळगावच्या रस्त्यावरच्या आमच्या वावरातून परतला की त्याच्या कपड्यांना पऱ्हाटीच्या पानांचा तो किंचित तुरट, किंचित तेलकट वास येतो, आणि भाद्रपद आला हे मला कॅलेंडरात पाहावं लागत नाही.

परवा तो आला तेव्हा त्यानं खिशातून एक फूल काढून ओट्यावर ठेवलं. फूल उमललेलं नव्हतं. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, कुणी आतून रेशमाचे टाके घालून तोंड शिवून टाकावं तशा. यंदाही कीड लागलीच, असं म्हणाला आणि हात धुवायला गेला.

"डोमकळी," मी म्हटलं.

तो ओल्या हातांनी तसाच परत आला. हा शब्द त्याला मागच्या वर्षी कृषी सहायकानं सांगितला होता. आजीच्या तोंडी तो कसा, याचं त्याला नवल वाटलं. मी म्हटलं, फार जुनी ओळख आहे. त्याला घाई होती. वावरात कामगंध सापळे लावायचे होते. त्यांच्या वासाला भुलून नर पतंग कसे येऊन अडकतात हे त्यानं मला उभ्याउभ्याच समजावून सांगितलं आणि गेला. मी मात्र ते फूल घेऊन खिडकीशी बसले. नखानं पाकळ्या हलकेच सोडवल्या. आत पिवळ्या परागांच्या भुकटीत लोळत एक इवलीशी पांढरी अळी होती, काळ्या डोक्याची. उजेड पडताच तिनं अंग आक्रसलं. माझा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि बोटं अशी मिटली, की त्यांच्यात ब्रश असावा.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. मॅट्रिक होऊन मी यवतमाळला घरी बसले होते. शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षा झाल्या होत्या आणि आईच्या मते आता एकच परीक्षा उरली होती, ती लग्नाची. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत काम करणाऱ्यांचं. वडील शेती खात्याच्या कचेरीत होते, पण शेत आम्ही सगळ्यांनी कागदावरच पाहिलेलं. बाभुळगावच्या बाजूला कापसावर संशोधन करणारं एक सरकारी शेत होतं. आजूबाजूचे लोक त्याला 'फारम' म्हणत. तिथं हरकरे साहेब किडींवर काम करत. त्यांना बोंडअळीची रंगीत चित्रं हवी होती, अंड्यापासून पतंगापर्यंत, शेतकऱ्याला पाहताच ओळखू येतील अशी. नागपूरहून येणारे चित्रकार आजारी पडले. अळ्या थांबणार नव्हत्या. साहेब कचेरीत येऊन हळहळले, तेव्हा माझ्या अबोल वडिलांच्या तोंडून निघून गेलं, "आमची सुमा बरी काढते."

घरी त्या वाक्याची फार चर्चा झाली. आईचं म्हणणं होतं, मुलीला पाहायला माणसं येण्याचे दिवस, आणि ही अळ्या पाहत बसणार? उत्तर साहेबांच्या बायकोनं दिलं. श्रावणात हळदीकुंकवाच्या निमित्तानं हरकरे काकू स्वतः आल्या, आईशेजारी बसल्या, आणि म्हणाल्या की फारमवरच्या बंगलीत त्या दिवसभर एकट्या असतात, त्यांनाही सोबत होईल, मुलगी त्यांच्याजवळच राहील आणि रविवारी घरी येईल. आईनं होकार दिला नाही. माझ्या पिशवीत लोणच्याची बरणी ठेवली, तोच होकार.

फारमवरची पहिली सकाळ आठवते ती वासानं. ओली काळी माती, शेणानं सारवलेला व्हरांडा, आणि कसलासा औषधी दर्प. व्हरांड्यात लांब फळीवर कंदिलाच्या काचा ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीचं तोंड मलमलीनं बांधलेलं. मला वाटलं काचा पुसून वाळत ठेवल्यात. जवळ गेले तर प्रत्येक काचेत एकेक हिरवं बोंड, आणि बोंडाला भोक पाडून बाहेर डोकावणारं काहीतरी. मी मागे सरले ती नेमकी कुणाच्या तरी अंगावर. आरशांची कांचळी, हातभर बांगड्या, घागऱ्यासारखी घेरदार फेटिया, डोक्यावरून ओढणीसारखा पदर. माझ्याच वयाची असेल. पलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून ती फारमवर कामाला येई. नाव चांदी.

"काहून भेतं, बाई?" ती म्हणाली. "तिले भूक हाये ते बोंडाची. तुह्याकडं ते पायत बी नाही."

मी 'बाई' शब्दावर जरा फुरंगटले. शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात तसं वाटलं. त्यांच्या गोरबोलीत बाई म्हणजे बहीण, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि तोवर मी खरोखरच तिची बाई झाले होते.

सकाळी दव असतानाच आम्ही दोघी वाफ्यांत शिरायचो. तिचं काम डोमकळ्या शोधून आणण्याचं आणि माझं त्या जागच्या जागी पाहण्याचं. झाडावर फूल जसं असतं तसं तोडल्यावर राहत नाही, असं साहेबांचं म्हणणं. आमची ती देशी पऱ्हाटी कमरेएवढी, फुलं पिवळी, आणि तळाशी गर्द लाल ठिपका. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी मिटू लागे आणि दुसऱ्या दिवशी लाजल्यासारखं तांबूस होई. इतक्या साऱ्या उघड्या फुलांत एखादंच मिटलेलं. चांदीला ते लांबून दिसे. मला दिसायला आठवडे लागले. पण दिसू लागलं तेव्हापासून उघडं फूल दिसेनासं झालं. नजर मिटलेल्यावरच जाऊन थांबू लागली. रविवारी घरी जाताना बसच्या खिडकीतून मी लोकांच्या वावरांकडे पाही आणि मनाशी म्हणे, इथं आहे, इथंही आहे. घरीही खिडकीशी बसले की आई विचारी, एवढं काय बघतेस बाहेर?

दुपारी मी व्हरांड्यात चित्राला बसे. चांदी शेजारी बसून बोंडं फोडे. तिच्या कांचळीतल्या आरशांवर ऊन पडलं की उजेडाचे कवडसे माझ्या कागदावर नाचू लागत. अळीवर एक कवडसा, पानावर दुसरा. मी तिला पलीकडच्या बाजूला बसायला सांगितलं. ती उठून तिकडे बसली. मग तो कागद इतका पांढरा, इतका मेलेला दिसू लागला की मीच तिला परत बोलावलं.

तिची तान्ही मुलगी व्हरांड्याच्या वाशाला बांधलेल्या झोळीत निजे. आम्ही आळीपाळीनं पायाच्या अंगठ्यानं दोरी हलवायचो. हात दोघींचेही गुंतलेले असत.

त्या अळीला साहेबांच्या कागदांत शेंदरी बोंडअळी म्हणत. मी शेंदरी रंग कालवला, चित्र केलं, साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांशी नेला आणि विचारलं, ही तुम्ही पाहून काढली की नाव ऐकून? ते रागावले नाहीत. भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "दिसतं ते काढा. नाव मागाहून ठेवता येतं."

मग पाहू लागले. अळी जन्मतः पांढरी. वाढता वाढता तिच्या अंगावर आडवे गुलाबी पट्टे उमटतात, तेही कडा पुसट असलेले. उन्हातून आलेल्या गोऱ्या माणसाच्या गालावर येतो तसा तो रंग, आतून आलेला. आधी पांढरी काढायची आणि कागद ओला असतानाच त्यावर गुलाबी सोडायचा, मग तो आपला आपण पसरतो, हे माझ्या हाताला सापडलं त्या दुपारी मी काकूंनी दिलेला चहा तसाच ठेवला होता. त्यावर साय धरली होती. आयुष्यात पुढे मला पुष्कळ सुखं मिळाली. पण त्या दुपारसारखं सुख, ज्यात मी मलाच आठवले नाही, ते परत आलं नाही.

अळी मात्र चित्र पुरं होईतो थांबत नसे. आज डोकं आणि पाठ झाली, उद्या पाय काढू म्हणावं तर सकाळी काचेत तिचा कोष झालेला. पुन्हा दुसरी अळी, पुन्हा पांढऱ्यापासून सुरुवात. चांदी हसे. म्हणे, तुही सोयरी पळून गेली, बाई.

कार्तिकात मला पाहायला उमरखेडहून मंडळी आली. आईनं माझं भरतकाम मांडून ठेवलं होतं. फारमचा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. मुलगा उमरखेडच्या शाळेत मास्तर. पोहे देताना माझी बोटं त्याच्यासमोर आली आणि नखांच्या कडेला गुलाबी रंग राहून गेला होता, तो त्याला दिसला. त्यानं हळूच विचारलं, बोटांना काय झालं? रंग, म्हटलं. कशाचा? माझ्या तोंडून खरं तेच आलं, अळीचा. तो इतकं मोकळं हसला की मोठी माणसं बोलायची थांबली. नंतर वडिलांनी माझं मत विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. त्या हसण्याला हो म्हटलं.

साहेबांचं खरं काम चित्रांपलीकडचं होतं. त्यांना छळणारा प्रश्न असा, की उन्हाळ्यात वावरात हिरवं पान नसतं, तेव्हा ही अळी कुठं जाते? आणि भाद्रपदात पुन्हा कुठून येते? उत्तर त्यांना ठाऊक होतं, पुस्तकांतूनही आणि फोडलेल्या बोंडांतूनही. वेचणी झाल्यावर जी किडकी, अर्धवट उघडलेली बोंडं पऱ्हाटीला तशीच राहतात त्यांच्यात, आणि दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत, ती अंगाचं वेटोळं करून निजते. खात नाही, पीत नाही. पाऊस आला की पतंग होऊन उडते. आणि त्या वाळलेल्या पऱ्हाट्या आपण उपटून, भारे बांधून, दारापुढे सरपणासाठी रचून ठेवतो. एखाद्या गावानं पावसाआधी सगळ्या पऱ्हाट्या जाळून संपवल्या, सरकी कडक उन्हात तापवली, तर पुढच्या हंगामात काय होईल, हे साहेबांना पाहायचं होतं. एका घरानं करून उपयोग नव्हता. सगळ्यांनी करायला हवं होतं. चांदीचा तांडा टेकडीच्या पोटात एकीकडे होता, त्यांची वावरंही सलग, शेजारच्या गावाच्या वावरांपासून नाल्यानं तोडलेली. साहेबांना तांडा हवा होता.

पौषात आम्ही तिथं गेलो. साहेब, मी, आणि गुंडाळीत माझी चित्रं. नायकाच्या दारापुढे घोंगडी अंथरली होती. तांड्याचा हा नायक, म्हणजे मुख्य माणूस, चांदीचा सासरा, उंच, पांढऱ्या मिशांचा. चांदी सासऱ्यापुढे पदर ओढून लांब उभी होती, व्हरांड्यात माझ्याशी बडबडणारी ती हीच का असं वाटावं इतकी गप्प. साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. मी चित्रं उलगडून धरली. माणसांनी माना डोलावल्या. बायकांनी डोलावल्या नाहीत. मागून एकीनं विचारलं, मग पावसाळ्यात चूल कायवर पेटवाची? साहेब म्हणाले, फारमच्या धुऱ्या-बांधावरच्या बाभळी छाटायच्या आहेत, ते लाकूड तांड्याला देता येईल, मी वरून परवानगी आणतो. ती आणायला त्यांना किती खेटे पडणार होते ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. बायकांचा त्यावर विश्वास बसला नाही. सरकारचं लाकूड, आलं तर आलं.

तेव्हा चांदी पुढे आली. सासऱ्यासमोरून नव्हे, घराच्या मागून वळसा घालून. पदरात पऱ्हाट्यांच्या गंजीतून खुडलेली वाळकी बोंडं होती. ती तिनं सासूच्या पुढ्यात ओतली आणि दगडानं एकेक फोडू लागली. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. तिसऱ्यात दोन सरक्या चिकटलेल्या निघाल्या. तिनं त्या नखानं उकलल्या. आत वेटोळं करून गुलाबी अळी निजलेली.

सासूनं ती तळहातावर घेतली. माझ्या चित्राकडे पाहिलं, परत हाताकडे पाहिलं.

"म्हंजे आमीच घरात पोसून राह्यलो का हिले?" ती म्हणाली.

नायक मिशीवरून हात फिरवत राहिला. मग तो सांगू लागला, त्याच्या आज्याच्या काळच्या गोष्टी. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून, लदेनी करत तांडे कसे मुलूखभर हिंडत, घर असं नव्हतंच, पाठीवर असेल तेवढंच. मग म्हणाला, "हे बी लदेनीवालीच निंगाली, साहेब. सरकीत बसून गावोगाव जाते. पर आमी आता एका जागी बसलो. हिले आता जागा देनं परवडत नाही." तांड्याची होळी मोठी असते. होळीआधी चुलीत जळेल तेवढं चुलीत, राहील ते सगळं होळीत, असं तिथंच ठरलं. साहेब परतताना नाल्याच्या दगडांवरून चालत होते ते मुलासारखे, उड्या मारत. मी पहिल्यांदा पाहिलं की ते फार म्हातारे नाहीत.

माझं लग्न माघात झालं. त्यामुळे ती होळी मी पाहिली नाही.

उमरखेडला धुळवडीच्या सकाळी मी नव्या घराच्या गच्चीवर वाळवण घालत होते. उत्तरेकडे पाहिलं. मध्ये अख्खा जिल्हा पसरलेला. दिसण्यासारखं काय असणार? तरी पाहिलं. तांड्यावर होळी पहाटे पेटवतात, ती पेटली असेल, होळीची लेंगी गाणी गात बाया फेर धरत असतील, किडकी बोंडं तडतडत असतील. कुणी भारे लपवले तर नसतील? चांदीच्या सासूनं सगळं दिलं असेल? सासूबाई खालून म्हणाल्या, सुमे, कावळे बसतील गं पापडांवर. मी कावळे हाकलले.

माझ्या सासरी कुणी वाईट नव्हतं. चित्रं काढू नकोस असं मला कुणी कधी म्हटलं नाही. रंगांच्या वड्या माझ्या पेटीत होत्या. दारापुढे रांगोळी मी घाली, तिचं कौतुक होई, शाळेच्या संमेलनाला पडदा मीच रंगवला. पण किडलेल्या बोंडाचं चित्र कुणासाठी काढायचं? साहेबांच्या व्हरांड्यात कुणीतरी माझ्या चित्राची वाट पाहत असे. ती तशी गरज पुन्हा कुणाला पडली नाही. बाईच्या आयुष्यात अशा गोष्टी कुणी हिसकावून नेत नाही. त्या नुसत्या पुढच्या वर्षी येत नाहीत.

त्या चित्रांचा मोठा रंगीत तक्ता छापून आला. उमरखेडच्या एका कचेरीत तो लागला होता. मास्तर मला मुद्दाम घेऊन गेले. छपाईत गुलाबी हरवला होता, अळी विटकरी झाली होती. मी कडवट होऊन तसं म्हटलं. ते तक्त्याजवळ वाकले आणि म्हणाले, तरी ओळखू येते. पुढे वर्षानुवर्षं ते शाळेतल्या मुलांना कापसावरचा धडा शिकवायच्या आधी त्या कचेरीत रांगेनं नेऊन तक्ता दाखवत. चित्र कुणी काढलं ते सांगत. मुलं घरी येऊन मला वळून वळून बघत. आता ते नाहीत. त्यांच्यामागं मुलाकडे यवतमाळला येऊन मला पुष्कळ वर्षं झाली.

लग्नाआधी फारमवर निरोप घ्यायला गेले होते तेव्हा साहेब म्हणाले होते, भाद्रपदात माहेराला या आणि स्वतः तांड्याची वावरं पाहा. मी दिवस काढले ते त्या बोलण्यावर. नव्या नवरीला माहेराची ओढ असतेच, तेव्हा माझी घालमेल कुणाला वेगळी वाटली नाही. महालक्ष्म्या उठल्या, भाऊ न्यायला आला. बस पुसदवरून, घाटातून वळणं घेत यवतमाळकडे निघाली आणि दोन्हीकडे पऱ्हाटी फुलली होती. माझी नजर लगेच जुन्या कामाला लागली. मिटलेलं, मिटलेलं, इथं आहे, इथंही आहे.

रात्री जेवताना वडिलांनी सांगितलं, हरकरे साहेबांची उन्हाळ्यातच बदली झाली. दूर, दुसऱ्या टोकाला. जाण्याआधी ते बाभळीच्या लाकडाच्या परवानगीसाठी कचेरीत बसून राहत; ती मिळाली, लाकूड तांड्याला पोचलं, मगच गेले. त्यांच्या जागी आलेले साहेब ज्वारीच्या काणी रोगावर काम करणारे. कापसाचं ते काम बंद. मी विचारलं, मग तांड्याची वावरं पाहायला कोण गेलं? वडिलांनी ताटाकडे पाहत मान हलवली. कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं मला सायकलवरून फाट्यापर्यंत सोडलं. पुढे नाल्याकाठची वाट मी एकटीनं चालले. नवं लुगडं दवानं गुडघ्यापर्यंत भिजलं. चांदी वावरातच होती. फारमचं काम सुटल्यापासून ती घरच्या शेतात राबत होती. तिची मुलगी आता धुऱ्यावर रांगत होती. तिनं मला आधी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, गळ्यातलं पाहिलं, आणि म्हणाली, "आली का, बाई? मी म्हनलं, तू इसरली."

होळीचं तिनं सांगितलं. ज्वाला एवढी उठली की तांड्यावरची कुत्री लांब पळाली. काहींनी भारे राखून ठेवले होते. सासूनंही एक ठेवला होता, आणि होळी विझत आली तेव्हा स्वतःच उचलून आणून टाकला. पावसाळा कठीण गेला का, मी विचारलं. ती म्हणाली, बाभळीचं लाकूड ओलं व्हतं, धूर लई झाला, डोये लाल झाले. एवढंच.

आम्ही आधी नाल्यापलीकडे गेलो. ते दुसऱ्या गावचं वावर. तिथं कुणी काही जाळलं नव्हतं. पहिल्याच ओळीत, चार पावलं टाकतो न टाकतो तोच, डोमकळ्या दिसू लागल्या. झाडोझाडी मिटलेली तोंडं. एक मी उघडून पाहिली. आत ती होती, परागात लोळणारी. मी ती खाली टाकली आणि आम्ही नाला ओलांडून परत तांड्याच्या बाजूला आलो.

तिथं पिवळा उजेड होता. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. कमरेएवढ्या पऱ्हाटीवर सगळीकडे फुलं उघडी, तळाचा लाल ठिपका आभाळाला दाखवत असलेली. मी ओळ धरली, चांदीनं शेजारची धरली. मिटलेलं शोधत चाललो. नव्हतं. वळलो, पुढच्या ओळी धरल्या. एका झाडावर मला एक डोमकळी दिसली तेव्हा जवळजवळ बरं वाटलं, की नजर अजून फसत नाही. चांदीनं ती खुडून चुरगाळली. पुढे आणखी एक, बऱ्याच अंतरावर. मग पुन्हा नुसती फुलं.

वावराच्या मध्यावर मी थांबले. रडायला येत होतं. साहेब असायला हवे होते. चष्मा कपाळावर सरकवून, फूल डोळ्यांशी धरून, ओळीओळीतून फिरायला हवे होते. माझ्याजवळ कागद नव्हता, रंग नव्हता, आणि असता तरी कुणाच्या हाती द्यायचा? पुढच्या वर्षी कुणी सांगायला येणार नव्हतं, फारमचं लाकूड येणार नव्हतं, पऱ्हाट्यांच्या गंजी पुन्हा दारांपुढे उभ्या राहणार होत्या. राहिल्याही. पण ते तेव्हा घडलेलं नव्हतं. तेव्हा फक्त एवढंच होतं, की एका माणसानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या वावरभर उघडं पडलं होतं आणि ते पाहायला तोच नव्हता.

"आता हे कोणाला सांगायचं, चांदी?" मी म्हटलं.

मुलगी धुऱ्यावरचं काहीतरी तोंडात घालत होती, तिच्यावर ती आधी ओरडली. मग माझ्याकडे वळली.

"आपुन पायलं नं, बाई," ती म्हणाली. "चाल, तेवढ्या ओयी राह्यल्या."

ऊन वर चढत होतं. मी लुगड्याचा पदर खोचला. ती तिच्या ओळीत शिरली, मी माझ्या. खरं म्हणजे आता पाहण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तरी आम्ही दोघी टेकडीच्या पायथ्यापर्यंत एकेक झाड, एकेक फूल वाकून पाहत गेलो, पार शेवटच्या ओळीपर्यंत.